दंडाची लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन: आपल्याकडे कुणी केलंय का?

काजूबी
२२ सप्टेंबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे सहा वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वय ४७. तीन वर्षांपूर्वी वजन ९४ होतं, रक्तात साखर निघाली आणि घाबरून चालायला लागले. आज ६२. गेले दहा महिने काटा ६१ आणि ६३ च्या मधेच हलतोय. गोळी एकच उरली आहे. सगळं चांगलं झालं, पण दंड राहिले. आतलं गेलं आणि पिशवी तेवढी उरली. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की मागे काय हलतंय ते मला न बघता कळतं. परवा तिसरीतली एक पोर म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला झोका आहे." प्रेमानंच म्हणाली. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि झोका हलवून बघितला.

त्यात गौरीच्या रात्री फुगडी घालतानाचा व्हिडिओ जावेनं घरच्या ग्रुपवर टाकला. दिसण्याचं एक वेळ सोडा, पण काखेजवळच्या घडीत पावसाळाभर घाम साठतो, लाल चट्टे उठतात, पावडर लावून कंटाळले.

या ऑपरेशनला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात एवढं शोधलंय. दुखतं किती? व्रण किती राहतो? हात वर करायला किती दिवस लागतात? दिवाळीच्या सुट्टीत उरकेल का? कोल्हापूर बरं की मुंबई?

व्यायाम करा म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. दोन वर्षं डंबेल्स उचलतेय. आत स्नायू झाला, वर कातडी जिथल्या तिथे.

आत्याबाय
२२ सप्टेंबर २०२४, रात्री ११:०५

गो बाये, ह्यां काय नवीन काढलंस? देवान दिलेलां आंग पैसे देवन कापून घेवचां? माझे दंड बघशीत तर तेंच्यार दोन पोरां झोपतीत. पण हय पाणी काढूक, वाटाप वाटूक, आडाळ्यार बसान नारळ खवूक दंडच लागतत. म्हयनोभर हात बांधून बसलंस तर घर कोण बघतला?

ओहोटी
२३ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:२०

आत्याबाय, शेवटचा प्रश्न लाखाचा आहे.

काजूबी ताई, मी केलंय. माहेर तारकर्ली, सासर ठाणे, ऑपरेशन मुंबईत जुलै २०२३ मध्ये. माझं आधी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन, झालं होतं. ११८ वरून ७१ झाले, मग वजन थांबेपर्यंत दीड वर्ष वाट पाहायला लावली, मग दंड. तुमचं वजन दहा महिने एका जागी आहे म्हणजे ती अट तुम्ही आधीच पार केली आहे. निदान सहा महिने काटा स्थिर हवा म्हणतात. नंतर आणखी उतरलं तर कातडी पुन्हा सुटते, वाढलं तर शिवणीवर ताण.

आता जे मला कुणी आधी नीट सांगितलं नाही ते सांगते. हे ऑपरेशन म्हणजे अदलाबदल आहे. लोंबती कातडी द्यायची आणि काखेपासून कोपरापर्यंत एक रेघ घ्यायची. रेघ जन्माची. दारात उभं असतानाच ठरवा की कुठलं जास्त सलेल. मी तीन दिवस पेनानं दंडावर रेघ ओढून घरात वावरले. नवरा म्हणाला, शाई बरी दिसते.

रेघ कुठे द्यायची हे सर्जन आणि तुम्ही मिळून ठरवता. दंडाच्या आतल्या बाजूला दिली तर हात खाली असताना दिसत नाही, उचलला की दिसते. मागच्या बाजूला दिली तर समोरून दिसत नाही, पण तुमच्या मागे बसणाऱ्याला कायम दिसते. तुम्ही शिक्षिका, वर्गाकडे पाठ करून लिहिणार, तेव्हा विचार करा. थोडीशीच कातडी असेल तर फक्त काखेत टाका घालून भागतं, पण ९४ चे ६२ झालेल्यांचं त्यात भागेल असं वाटत नाही.

पहिले चार दिवस: दुखणं कमी, ओढ जास्त. दंडाला कुणीतरी दोन मापं लहान बाही घालून दिल्यासारखी. दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, टोकाला प्लास्टिकच्या बाटल्या, त्यात लालसर पाणी जमायचं. माडी काढायला माडाला मडकी बांधतात ना, अगदी तशी मी. नर्स रोज मोजायची. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की काढतात. माझी डावी चौथ्या दिवशी निघाली, उजवी सहाव्या. सगळेच सर्जन नळ्या ठेवत नाहीत, विचारून घ्या.

बोटं सुजतात. ऑपरेशन दंडाचं आणि बोटं कशी सुजली म्हणून मी घाबरले होते. पाणी खाली उतरतं, बस. अंगठ्या आणि बांगड्या आदल्या दिवशीच काढा, नंतर साबण लावूनही निघत नाहीत. उताणं झोपायचं, दोन्ही हात उशांवर छातीपेक्षा उंच. मी आयुष्यभर कुशीवर झोपणारी, हे सगळ्यात जड गेलं. दुखण्याच्या गोळ्या सहाव्या दिवशी बंद केल्या, झोपेची तक्रार सहा आठवडे चालली.

प्रेशर गारमेंट, म्हणजे घट्ट बाह्यांचं जाकीट, सहा आठवडे, आंघोळीपुरतं काढायचं. जुलैत. दमट हवेत. दोन घ्या, एक वाळेपर्यंत दुसरं. तुमच्याकडे तर पावसात काहीच वाळत नाही, चार घ्या.

मला एक त्रास झाला. तिसऱ्या आठवड्यात उजव्या कोपराच्या वर बाळकैरीएवढी गाठ आली. आत पाणी साठलं होतं, सिरोमा म्हणतात. दवाखान्यात सुईनं ओढून काढलं, तीन वेळा, मग थांबलं. आणि हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, तळहाताएवढा भाग बधिर झाला होता. आता नाणं ठेवू एवढाच उरलाय. चटका बसला तरी कळत नाही, पोळ्या करताना सांभाळते.

शेवटचं. रेघ तिसऱ्या महिन्यात सगळ्यात वाईट दिसते. लाल, जाड, खाजरी. तेव्हा आरशासमोर उभं राहून काहीही ठरवू नका. आज चौदा महिने झाले, फिकट तपकिरी दोरा राहिला आहे, डावा थोडा रुंद.

परत करशील का? हो. पण जुलैत नाही.

दर्यावर्दी७४
२३ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:१२

कापाकापी कशाला? लायपोसक्शन किंवा लेझरनं होत नाही का? फेसबुकवर रोज जाहिरात येते, "जेवणाच्या सुट्टीत दंड टाइट".

पाचूबंदर
२३ सप्टेंबर २०२४, दुपारी १:३०

त्या जाहिरातीला भुललेली मी बसलेय इथे. शहरातलं एक क्लिनिक, नाव घेत नाही. कातडी गरम करून आवळायचं मशीन, सहा बैठका, साठ हजार. दर वेळी रत्नागिरीहून पहाटेची गाडी पकडून जायचे. दर बैठकीनंतर दोन दिवस दंड खरंच घट्ट वाटायचा, कारण सुजलेला असायचा. सूज उतरली की पुन्हा पिशवी. सहाव्या बैठकीनंतर म्हणाले आणखी चार घ्या. मी म्हटलं आधी पहिल्या सहा दाखवा कुठे आहेत. फोटो मागितले तर काढलेच नव्हते.

भूलवाली
२३ सप्टेंबर २०२४, रात्री ९:५०

मी भूलतज्ज्ञ आहे, चिपळूणला. प्लास्टिक सर्जन नाही, पण पेशंटच्या डोक्याशी बसून ही ऑपरेशनं पाहिली आहेत.

दर्यावर्दी, दंडात दोन गोष्टी असतात, चरबी आणि तिच्यावरचं कातडं. कातडं जिवंत असेल, म्हणजे चिमटीत धरून सोडलं की लगेच मागे जात असेल, तर नुसती चरबी ओढून चालतं. ज्यांचं तीस किलो वजन उतरलंय त्यांचं इलॅस्टिक तुटलेलं असतं. तिथे चरबी ओढली तर पिशवी आणखी रिकामी होते. मशीननं थोडीफार सैल कातडी आवळते, एवढी लोंबती नाही.

काजूबी, पूर्ण भूल देतात, दोन ते तीन तास लागतात, एक रात्र ठेवतात किंवा संध्याकाळी सोडतात. गंमत अशी की दोन्ही हात सर्जनच्या ताब्यात असल्यामुळे आम्हाला सलाइन बऱ्याचदा पायाला लावावी लागते आणि बीपीचा पट्टाही पायाला. शुद्धीवर आल्यावर पायाला का बांधलंय म्हणून गोंधळू नका.

आता जे लपवायचं नाही ते. तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, आधी करा. माझ्या ओळखीतले सर्जन साडेसातच्या वर दिसली की तारीख पुढे ढकलतात. हिमोग्लोबिनही बघा, पटकन वजन उतरवलेल्या बायकांत ते आणि प्रथिनं कमी सापडतात आणि मग जखम भरायला रखडते. अॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सांगा, मनानं बंद करू नका. वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन कुणी घेत असेल तर ते भूलतज्ज्ञाला कळायलाच हवं, कारण पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलीत उलटी फुफ्फुसात जायची भीती असते. घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का तेही. आणि ज्यांचं स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढायचं ऑपरेशन झालंय त्यांनी त्या बाजूच्या दंडाला हात लावू देण्याआधी दहादा विचार करावा, हात कायमचा सुजू शकतो.

आणि तंबाखू. सिगारेट नव्हे हो, आपल्याकडच्या बायका सिगारेट कुठे ओढतात. मशेरी.

काजूबी
२३ सप्टेंबर २०२४, रात्री १०:१५

मॅडम, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? 🙈

सकाळ संध्याकाळ. बाराव्या वर्षापासून, आजीनं लावली. शाळेत कुणालाच माहीत नाही. इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.

भूलवाली
२३ सप्टेंबर २०२४, रात्री १०:३१

हिरडीवर घासली तरी निकोटीन रक्तातच जातं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. या ऑपरेशनमध्ये कातडीच्या दोन कडा ताणून एकत्र शिवतात, त्या कडांना रक्त पुरलं नाही तर टाके उसवतात, कडा काळ्या पडतात. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे, एक चिमूटसुद्धा नाही. आजपासून सोडलीत तर दिवाळीपर्यंत हिशोब जमतो.

आत्याबाय
२३ सप्टेंबर २०२४, रात्री १०:४८

मशेरी सोडूक सांगतास? मगे काय्येक जमाचां नाय तिका. मी लिवन देतंय.

मुंढागळा
२४ सप्टेंबर २०२४, दुपारी ३:०५

कुडाळात गेली एकवीस वर्षं लेडीज टेलरिंग करतो. बायका ऑपरेशनचं नवऱ्याला सांगत नाहीत पण टेलरला सांगावंच लागतं, कारण दंडघेर बदलतो. माझ्याकडे अशा दोघी आल्या.

ताई, ऑपरेशननंतर लगेच नवीन ब्लाउज शिवायला टाकू नका. एकीनं पाचव्या आठवड्यात माप दिलं, तिसऱ्या महिन्यात बाही ढगळ. सूज उतरत राहते. लग्नाचं शिवायचंच असेल तर शिवणीत दोन्ही बाजूंनी इंचभर माया ठेवायला सांगा. मुंढा अगदी घट्ट कापायचा नाही, टाका काखेत येतो, अस्तराची शिवण त्यावर घासते. पहिलं वर्ष कॉटनचंच अस्तर. नेहमीची पाच इंची बाही रेघेचा वरचा अर्धाच भाग झाकते, कोपरापर्यंतची घेतलीत तर सगळी झाकली जाते.

मला मात्र एक विचारायचंय डॉक्टरांना. आम्ही कापड एकदा कापलं की संपलं, पुन्हा जोडता येत नाही, म्हणून आधी टाचणी मारून बघतो. कातडीचं कसं करतात? जास्त कापली गेली तर?

भूलवाली
२४ सप्टेंबर २०२४, रात्री ९:२०

मास्तर, अगदी तुमच्यासारखंच करतात. भूल देण्याआधी पेशंटला बसवून किंवा उभं करून, हात बाजूला पसरायला लावून पेनानं आखतात. आडवं झाल्यावर कातडी सरकते, मग माप चुकतं. आणि टेबलावर एका झटक्यात सगळं कापत नाहीत. कापायचा भाग आधी टाचून बघतात, मग थोडं कापायचं, तेवढं शिवायचं, पुढचं कापायचं. कारण ऑपरेशन चालू असतानाच दंड सुजत जातो. आधीच सगळं कापून ठेवलं आणि मग कडा एकमेकींपर्यंत पोचल्या नाहीत तर काय करणार? तिथे माया ठेवायची सोय नाही.

बधिरपणाचं ओहोटींनी लिहिलंय, त्याचं कारणही देते. हाताच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी एक बारीक नस दंडाच्या खालच्या भागात खोलातून वर येते आणि कातडीखालून कोपराकडे जाते. रेघेच्या वाटेतच. जपून काम करणारे तिथे चरबीचा एक थर मुद्दाम ठेवतात, तरी ती ताणली जाते. बहुतेकींचं काही महिन्यांत परत येतं, काहींचं थोडं राहून जातं.

सर्जन निवडताना एवढंच: प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का बघा. "कॉस्मेटिक" अशी पाटी कुणीही लावतो. आणि त्यांच्याच हातचे, एक वर्षानंतरचे फोटो मागा. टाके काढल्या दिवशीचे नकोत.

बांधावरची
२५ सप्टेंबर २०२४, सकाळी ११:४०

मी विचारून परत आले. डॉक्टरांनी माझ्या कानाची पाळी बघितली, टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आहे, आणि म्हणाले तुमच्या कातडीला व्रण वाढवायची सवय आहे, एवढी लांब रेघ दिली तर दोरखंड होईल. पैसे मिळत असताना नको म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदा बघितला. पाऊणबाही घालते, मजेत आहे.

खाजणातला
२५ सप्टेंबर २०२४, रात्री ८:३०

आत्याबायच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण आमच्या घरात ते घर मी बघितलं. राजापूर. सौ.चं ऑपरेशन गेल्या वर्षी फेब्रुवारीत.

डॉक्टर सांगतात "महिनाभर खांद्याच्या वर हात नको, सहा आठवडे दोन किलोच्या वर उचलायचं नाही." ऐकायला सोपं. घरी आल्यावर कळलं की कोकणातलं घर सगळं खांद्याच्या वर टांगलेलं असतं. कपडे वाळवायची वलणी डोक्यावर, डबे फडताळाच्या वरच्या फळीवर, देवाची घंटासुद्धा वर. मी वलणी छातीएवढी खाली बांधली, डबे ओट्यावर आणले. भरलेली कळशी दहा किलोच्या वर जाते, म्हणजे विहीर बंद. पाट्यावर वाटणं बंद. आडाळ्यावर बसून नारळ खवायला जोर दंडातूनच लागतो, तेव्हा तेही माझ्याकडे. पहिल्या नारळात बोट खवलं, टाका मलाही पडला. एक.

जमिनीवर बसू देऊ नका. चटईवरून उठताना माणूस हातावर रेटा देतो, नकळत. खुर्ची आणि उंच खाट. पुढून चेनचे गाऊन आणा, डोक्यावरून घालायचं काही चालत नाही. वेणी घालायला मी मोबाइलवर बघून शिकलो. तेल लावताना ती म्हणायची, नांगरतोयस की विंचरतोयस.

स्कूटर पाचव्या आठवड्यात. आणि महत्त्वाचं, पाहुणे. ऑपरेशनचं कळलं की बघायला येतात, आणि आले की चहा लागतो.

काजूबी
१६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. हकिकत सांगते.

कोल्हापूरला दाखवून आले. फोंडा घाटानं सकाळी निघून रात्री परत. सर्जन बाई आहेत, शांत. चिमटीत धरलं, सोडलं, माझ्याकडे बघून हसल्या. रेघ आतल्या बाजूला, काखेत थोडी वळवून देणार, सरळ दिली तर व्रण आवळून हात वर जायला अडतो म्हणाल्या. अंदाज १ लाख ४५ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २६,१००. आजारपणाच्या उपचारावर नसतो तो कर, सौंदर्याच्या शस्त्रक्रियेवर असतो. मेडिक्लेमवाल्याला फोन केला, त्यानं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती असेल तरच, नाहीतर कॉस्मेटिक सगळ्याच पॉलिशांत वगळलेलं असतं. चट्ट्यांचे फोटो दाखवू का म्हटलं तर म्हणाला, दाखवा, पण आशा ठेवू नका. सोन्याची एक बांगडी मोडतेय. दंडासाठी बांगडी, हिशोब हाताचा हातातच.

मशेरी सोडून तेवीस दिवस. पहिला आठवडा मी वर्गात कुणाशी कशी वागले ते पोरांनाच विचारा. लवंग चघळते.

दिवाळीच्या सुट्टीचा बेत मात्र बारगळला. काल विधानसभेची तारीख जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान. शिक्षक म्हटलं की ड्युटी आलीच, आणि ईव्हीएमच्या पेट्या उचलताना "माझे टाके आहेत" हे कुणाला सांगू? आता तारीख २६ नोव्हेंबर, रजा टाकून. थंडीही पडलेली असेल.

ओहोटी
१६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

एकाच फेरीत काम उरकू नका. पहिला आठवडा कोल्हापुरातच कुणाकडे तरी राहा. नळ्या घेऊन घाट उतरू नका.

काजूबी
२८ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ५:१५

(लेक टाइप करतेय, आई सांगतेय.) झालं. पावणेतीन तास. सलाइन पायालाच होती, भूलवाली मॅडमना सांग म्हणतेय. बहिणीकडे आहे. चार मडकी… नाही, दोनच मडकी लावली आहेत. बोटं केळ्यांसारखी. आई म्हणते बाळंतपणापेक्षा खूप सोपं, दाढेपेक्षा थोडं अवघड.

आत्याबाय
२८ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ६:००

बांगडो, सुंगटां खावक देव नको. जखम चिघळता.

भूलवाली
२८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:१०

आत्याबाय, पाया पडते, पण ही ऑर्डर मी रद्द करतेय. जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम. नुसत्या पेजेवर तेवढी येत नाहीत. ज्यांना माशांनी अंगावर पित्त उठतं त्यांनी सोडा, बाकीच्यांनी बांगडा, अंडी, कुळथाची पिठी, सगळं खा. आणि खोलीतल्या खोलीत चाला, पायात गाठी होऊ नयेत म्हणून.

काजूबी
१५ डिसेंबर २०२४, रात्री ९:३०

आज स्वतः लिहितेय, कोपरं टेबलावर टेकून.

नळ्या पाचव्या दिवशी निघाल्या. दहाव्या दिवशी देवगडला आले. वाटेत खड्डा दिसला की यजमान गाडी थांबवल्यासारखी करायचे आणि मागचे हॉर्न मारायचे. वलणी खाली बांधली आहे (खाजणातल्यांचे आभार).

परवा धक्का बसला. अठराव्या दिवशी गारमेंट काढलं तर डाव्या काखेत ओलं. टाका उसवून रुपयाएवढं तोंड उघडलेलं. रात्री साडेदहाला सर्जनना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: काखेतला तो कोपरा जिथे दोन शिवणी मिळतात, तिथे हे होतंच काहींचं, ताप नाही, वास नाही, आजूबाजूला लाली पसरत नाही ना? मग घाबरू नका. रोज सलाइननं धुऊन ड्रेसिंग. गावातल्या आरोग्य केंद्रातली सिस्टर घरी येऊन शिकवून गेली. आतून भरत येईल, तीन आठवडे म्हणाल्या.

खरं सांगू? त्या रात्री वाटलं कशाला या फंदात पडले. चट्टेच बरे होते. यजमान काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पाचूबंदर
१५ डिसेंबर २०२४, रात्री १०:०२

ताई, तुमच्या डॉक्टरनं साडेदहाला फोन उचलला. माझ्याकडचे पैसे भरेपर्यंतच उचलायचे.

काजूबी
१२ जानेवारी २०२५, दुपारी ४:००

जखमेचं तोंड मिटलं. पाच जानेवारीला पूर्ण कोरडं झालं. सहा तारखेपासून शाळा. पहिले दोन आठवडे फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहिते, मागच्या बाकावरची पोरं उभी राहून वाचतात. वरची ओळ तिसरीतली तीच पोर स्टुलावर चढून लिहिते. झोक्याबद्दल अजून काही बोलली नाही, बघते मात्र.

रेघेवर सिलिकॉन जेल सकाळ संध्याकाळ. मशेरीच्या वेळेला जेल, सवय सवयीच्या जागी बसली.

काजूबी
६ एप्रिल २०२५, रात्री ८:४५

चौथा महिना संपला. ओहोटी, तुम्ही सांगितलं होतं म्हणून रडले नाही, पण रेघ बघवत नाही. गांडुळासारखी लाल आणि रात्री खाज. सर्जन म्हणतात जेल चालू ठेवा, ऊन लागू देऊ नका, वर्ष दीड वर्षाचा कारभार आहे. बागेत आंबा उतरवायचं चाललंय, यंदा आंबे काढायचा झेला हातात धरला नाही, पेट्यांत गवत घालत बसले, लांब बाह्यांचा यजमानांचा शर्ट घालून. उजव्या हाताला कोपराखाली मुंग्या येतात, म्हणजे नस जागी होतेय म्हणे.

दंड मात्र दंडासारखा आहे. ब्लाउजाची जुनी बाही धरून बघितली, साडेतीन इंच कापड रिकामं.

मुंढागळा
७ एप्रिल २०२५, सकाळी १०:१५

अजून माप देऊ नका. जूनमध्ये या.

काजूबी
३ सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

परवा गौरी. नवीन ब्लाउज, कोपरापर्यंत बाही, कॉटनचं अस्तर. या पावसाळ्यात काखेत एकही चट्टा उठला नाही, पावडरीचा डबा तसाच आहे. फुगडी घातली, जपून, तीन फेरे. हात पूर्ण वर जातात, डावा जरा अडून जातो. रेघ गुलाबीवर आली आहे. जाऊबाईंनी यंदा व्हिडिओ काढलाच नाही. मुद्दाम त्यांच्या समोर घातली तरी नाही.

शिरोड्याची
५ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:१०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी तारीख डिसेंबरची आहे. एकच विचारायचंय, त्या नळ्या काढताना दुखतं का हो?

काजूबी
५ सप्टेंबर २०२५, दुपारी २:३५

दुखत नाही. आतून कुणी दोरी सरकन ओढून घेतंय असं वाटतं आणि संपतं. "श्वास सोडा" म्हणतात तेव्हा खरंच सोडा, मी धरून ठेवला होता. मशेरी लावता का तुम्ही?